खडेबाजारातील माडीवरचा ऑर्गन

बेळगावच्या खडेबाजारात संध्याकाळी जे आवाज कानांवर येतात, त्यांची आपल्याला सवय झालेली असते. एका दुकानात मराठीतून घासाघीस चाललेली असते, शेजारी कानडीतून हिशोब होत असतो, आणि दोहोंच्या वरताण रिक्षांचे भोंगे वाजत असतात. गेल्या आषाढात, पावसाची झड चुकविण्यासाठी एका स्नेह्यांच्या घराच्या जिन्यात मी उभा होतो, तेव्हा माडीवरून एक निराळाच नाद खाली उतरू लागला. तो कानांना ऐकू येण्याआधी जिन्याच्या फळ्यांतून पायांना जाणवला. एखाद्या प्रचंड चर्चच्या दगडी कमानींखाली शेकडो नळ्यांचा ऑर्गन वाजत असावा, तसा तो नाद होता. वर जाऊन पाहतो, तो दहा बाय बाराच्या खोलीत एकावर एक मांडलेल्या दोन स्वरपट्ट्या, पायांशी लाकडी पट्ट्यांची एक चौकट, बाजूस संगणक आणि दोन ध्वनिक्षेपक. नळी एकही नव्हती.

‘हा ऑर्गन फ्रान्समधल्या कां या गावचा,’ स्नेही म्हणाले. ‘आणि तो आपला.’ त्यांनी बोट दाखविले त्या कोपऱ्यात जुनेराने झाकलेली एक पायपेटी होती. एका नाटक मंडळीचा संसार मोडला, तेव्हा त्यांच्या आजोबांनी ती विकत घेतली होती. तिचा भाता फाटलेला होता. परदेशातील वाद्य घरात बोलत होते आणि घरातले वाद्य मुके होते. या दोन वाद्यांचे नाते काय, आणि त्यांपैकी एकाची विद्या दुसऱ्याच्या उपयोगी पडेल काय, याचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

ऑर्गन हे वाद्य प्राचीन आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियातील क्तेसिबियस नावाच्या कारागिराने पाण्याच्या दाबाने वारा समतोल राखून नळ्या वाजविण्याची युक्ती काढली. इसवी सन ७५७ मध्ये कॉन्स्टंटिनोपलच्या सम्राटाने फ्रँक राजा पेपिन याला असा एक ऑर्गन नजराणा म्हणून पाठविला. पुढे या दरबारी वाद्याला चर्चमध्ये स्थान मिळाले आणि ते भिंतीएवढे वाढले. या वाढीचे कारण साध्या पदार्थविज्ञानात आहे. उघड्या नळीचा स्वर तिच्या लांबीवर ठरतो. सुमारे आठ फूट लांबीची नळी सेकंदाला पासष्टच्या आसपास कंपने देते. त्याच्या खालच्या सप्तकातील स्वर हवा असेल तर नळी सोळा फुटांची लागते, आणि त्याहीखाली उतरावयाचे तर बत्तीस फुटांची. खर्जाचा मोह धरणाऱ्याला उंच छप्परच बांधावे लागते. म्हणून हे वाद्य घरात मावले नाही.

आपल्या देशाला त्याचे दर्शन फार लवकर घडले, आणि तेही आपल्या शेजारच्या गोव्यामुळे. अकबराने १५७५ साली हाजी हबीबुल्ला यास गोव्यास पाठविले आणि तिकडील नवलाच्या वस्तू व कसबे घेऊन येण्यास सांगितले. बादशहाच्या दरबारी पोहोचलेल्या ऑर्गनचे वर्णन इतिहासकार बदायुनी याने करून ठेविले आहे. माणसाच्या उंचीची ती पेटी, आत बसून वाजविणारा फिरंगी आणि बाहेर उभे असलेले त्याचे साहाय्यक पाहून दरबार थक्क झाला. तथापि हे नवल दरबारापुरतेच राहिले. मूळ वाद्याने येथे रूढ होण्याऐवजी त्याच्या एका लहान भावंडाने येथे संसार थाटला.

ते भावंड म्हणजे पत्तीच्या सुरांची पेटी. धातूची पातळ पत्ती वाऱ्याने कंप पावून स्वर देते, हे तत्त्व चीनमध्ये पुरातन काळापासून ठाऊक होते. पत्तीचा खालचा स्वर काढावयास बत्तीस फूट लागत नाहीत. बोटभर पत्ती पुरते. या तत्त्वावर पॅरिसमध्ये अलेक्झांडर दबें याने १८४२ मध्ये हार्मोनियमचे स्वामित्वपत्र मिळविले. त्याची पेटी वारा दाबून बाहेर सोडी. अमेरिकेत झालेली पायपेटी उलट वारा आत ओढून घेई, आणि म्हणून तिचा आवाज अधिक मऊ असे. लहान चर्चना, शाळांना आणि घरांना नळ्यांचा ऑर्गन परवडत नसे. त्यांनी ही पेटी घेतली. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पायांचे भाते काढून हाताचा भाता बसविला, तेव्हा जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्या गवयाशेजारी ती येऊन बसली.

महाराष्ट्रात मात्र पायपेटीने आपला मान सोडला नाही, आणि त्याचे श्रेय संगीत नाटकाला आहे. त्या नाटकाचे जनक बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर हे १८४३ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मले. त्याच वर्षी सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणले, हा योगायोग मोठा सूचक आहे. अण्णासाहेबांचे ‘शाकुंतल’ १८८० साली पुण्यात झाले. पुढे सारंगीच्या जोडीला पेटी आली. गोविंदराव टेंबे यांनी तिला नुसत्या साथीच्या वाद्यापेक्षा वरची पायरी मिळवून दिली, आणि १९१३ मध्ये स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीच्या वैभवाच्या काळात हरिभाऊ देशपांडे यांचा ऑर्गन, कादरबक्षांची सारंगी आणि अहमदजान थिरकवा यांचा तबला ही नावे प्रेक्षकांच्या तोंडी बालगंधर्वांच्या नावाबरोबरच असत. पडदा उघडण्याआधी ऑर्गनचे सूर भरू लागले की, शेवटच्या रांगेतला मनुष्यही सावरून बसे. ध्वनिवर्धक नसलेल्या काळात एवढ्या मोठ्या प्रेक्षागृहाला सुराने भरून टाकणारे दुसरे वाद्य आमच्याकडे नव्हते.

परंतु याच वाद्यावर एक आक्षेप कायम होता आणि तो निराधार नव्हता. पेटीचे बारा सूर समान अंतरांवर बसविलेले असतात. सप्तकाचे बाराशे सूक्ष्म भाग, ज्यांना सेंट म्हणतात, कल्पिले, तर पेटीचा शुद्ध गंधार षड्जापासून चारशे भागांवर पडतो. तंबोऱ्याच्या तारेतून आपोआप उमटणारा गंधार सुमारे तीनशे शहाऐंशीवर असतो. चौदा भागांचा हा फरक जाणत्या कानाला खुपतो. शिवाय पेटीला मींड नाही. दिल्ली नभोवाणीवर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख असलेल्या जॉन फोल्ड्स यांनी १९३८ साली पेटीवर कडक टीका केली, आणि १९४० च्या मार्चपासून नभोवाणीने तिला आपल्या केंद्रांतून हद्दपार केले. रवींद्रनाथ ठाकूर यांनीही या निर्णयास पाठिंबा दिला होता. ही बंदी सैल होण्यास १९७१ साल उजाडावे लागले. म्हणजे धारवाड केंद्र १९५० मध्ये आणि सांगली केंद्र १९६३ मध्ये सुरू झाले, तेव्हा आमच्या सीमाभागातील श्रोत्यांना घराघरांत वाजणारे वाद्य आकाशवाणीवर ऐकू येत नव्हते. ज्या बेळगावात विठ्ठलराव कोरगावकर आणि रामभाऊ विजापुरे यांच्यासारख्या पेटीवादकांनी विद्या जतन केली, आणि ज्या बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात पेटीचे मर्मज्ञ पु. ल. देशपांडे काही काळ अध्यापक होते, त्या गावाला ही गोष्ट किती बोचली असेल, हे सांगावयास नको.

आक्षेप मान्य करून उपाय शोधणारेही याच मुलखात निघाले. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवरील आपले पुस्तक १९१० मध्ये प्रसिद्ध केले. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातील स्वर मोजून पाहण्याचा उद्योग त्यांनी केला होता. ई. क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या साहाय्याने त्यांनी श्रुतींची पेटी लंडनहून बनवून आणविली. १९१६ साली बडोद्यास भरलेल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत तिची परीक्षा झाली. पण जाणत्यांचे एकमत झाले नाही, आणि ती पेटी प्रचारात आली नाही. अधिक सूर म्हणजे अधिक पत्त्या आणि अधिक पट्ट्या, हे त्या काळच्या यंत्रविद्येचे बंधन होते.

आता पुन्हा माडीवर चलू या. तेथे जे वाजत होते, त्याला आभासी ऑर्गन म्हणतात. खऱ्या ऑर्गनची एकेक नळी स्वतंत्रपणे वाजवून तिचा आवाज ध्वनिमुद्रित करतात. स्वर कसा उमटला, कसा टिकला आणि पट्टी सोडल्यावर कमानींतून कसा विरत गेला, हे तिन्ही अवस्थांसह टिपलेले असते. कां येथील सेंट एतिएन चर्चमध्ये कावाये-कोल या निष्णात कारागिराने १८८५ मध्ये बांधलेला ऑर्गन अशाच रीतीने हजारो ध्वनिखंडांत साठविला गेला आहे. १९८३ मध्ये मिडी नावाची सांकेतिक पद्धत रूढ झाली, तेव्हापासून स्वरपट्टी आणि संगणक यांना एकमेकांची भाषा समजू लागली. आणि या शतकाच्या आरंभापासून ‘हाउप्टवेर्क’ आणि विनामूल्य मिळणारा ‘ग्रँडऑर्ग’ यांसारख्या प्रणालींनी हे काम सामान्य घराच्या आवाक्यात आणले.

मांडणीही फार गहन नाही. दोन स्वरपट्ट्या, पायांसाठी तीसेक पट्ट्यांची चौकट, भरपूर स्मरणशक्तीचा संगणक, चांगला ध्वनिपरिवर्तक आणि खर्ज पेलणारे ध्वनिक्षेपक एवढे साहित्य लागते. पायांची चौकट नसली तरी आरंभ अडत नाही. एक गोष्ट मात्र सांभाळावी लागते. पट्टी दाबणे आणि स्वर उमटणे यांत विलंब पडता कामा नये. सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाहून अधिक उशीर होऊ लागला, की वाजविणाऱ्याचा हात बिचकतो. खोली लहान असेल तर चर्चच्या घुमाऱ्यासह केलेले ध्वनिमुद्रण उपयोगी पडते. आणि शेजाऱ्यांची झोप मोडावयाची नसेल, तर कानांवर श्रवणयंत्र चढवावे. देवलांना जे लोखंड-लाकडात साधले नाही, ते येथे सहज होते. एकेका स्वराला सेंटाच्या मापाने हवे तेथे बसविता येते, आणि गंधार चारशेवरून तीनशे शहाऐंशीवर आणावयास एकही पत्ती कानशीने घासावी लागत नाही.

या सोयीहून मोठी गोष्ट जतनाची आहे. योहान सेबास्टियन बाख तरुणपणी, १७०५ साली, बुक्सटहूड यांचे ऑर्गनवादन ऐकण्यासाठी आर्नश्टाटहून ल्यूबेकपर्यंत सुमारे चारशे किलोमीटर चालत गेला. पंढरीची वाट तुडविणाऱ्यांना या पायपिटीचे नवल वाटणार नाही. त्या ल्यूबेकच्या सेंट मेरी चर्चमधील ऑर्गन १९४२ च्या मार्चमध्ये बाँबवर्षावात जळून गेले. आज कोणी कितीही चालला, तरी तो आवाज त्याला ऐकावयास मिळणार नाही. आमच्या नाटक मंडळ्यांच्या पायपेट्यांवर बाँब पडले नाहीत. त्यांना वाळवी लागली, त्यांचे भाते उंदरांनी कुरतडले, आणि काही तर लाकडाच्या भावाने विकल्या गेल्या. शेवट निराळा झाला नाही.

जुन्या तबकड्यांत तो आवाज आहेच, असे कोणी म्हणेल. पण तबकडी तीन मिनिटांचे एक गाणे जपते. गायकाच्या आवाजामागे दडलेले वाद्य तिच्यातून वेगळे काढून आपल्याला पुन्हा वाजविता येत नाही. नमुन्यांचा संच वाद्य जपतो, आणि उद्याच्या मुलाला त्यावर आपले नवे पद बसविता येते. अर्थात् येथे अतिशयोक्ती करू नये. नळ्यांच्या ऑर्गनला वारा एकसारख्या दाबाने मिळतो, म्हणून त्याचे नमुने मुळाबरहुकूम उतरतात. पायपेटीचा श्वास वादकाच्या पायांत असतो. दाब किंचित वाढला की स्वर फुलतो, कमी झाला की सुस्कारतो. तो जिवंतपणा यंत्रात पूर्णांशाने उतरेल, असे मी म्हणणार नाही. परंतु प्रत्येक स्वर मंद, मध्यम आणि भरदार अशा तीन दाबांनी टिपला, तर बराचसा हाती लागतो.

हिशोब करून पाहा. पाच सप्तकांच्या पायपेटीत एकसष्ट पट्ट्या असतात. सुरांच्या दोन पंक्ती धरल्या तर एकशे बावीस स्वर. तीन दाबांनी तीनशे सहासष्ट. प्रत्येकास दहा सेकंद दिले, तरी एका तासाचे ध्वनिमुद्रण होते. एका तासाच्या नादासाठी दोन-तीन रात्रींची मेहनत आणि एक चांगला भाता एवढीच किंमत आहे.

हा हिशोब मी त्या माडीवर मांडला, तेव्हा स्नेही काही वेळ बोलले नाहीत. मग दिवाळीपूर्वी त्यांनी भाता नवा करून घेतला. खडेबाजारातील शेवटचे दुकान बंद झाल्यावर, पंखा आणि घड्याळ थांबवून, आम्ही रात्री एकेक पट्टी दाबीत बसलो. मध्य सप्तकातील एका धैवताचा सूर उमटला नाही. त्याची पत्ती तुटलेली होती. शेजारचा स्वर थोडा चढवून ती जागा संगणकात भरता आली असती. स्नेह्यांनी हात आडवा केला. ‘तिथे पत्ती बसवून घेऊ, मग टिपू,’ ते म्हणाले. ‘आजोबांच्या पेटीत खोटा सूर नको.’ नवी पत्ती अजून बसावयाची आहे, आणि तोवर तेवढी एक जागा रिकामी आहे.

बेळगाव-निपाणीच्या, सांगली-कोल्हापूरच्या जुन्या वाड्यांतून अशी एखादी पेटी जुनेराखाली पडलेली असणे अगदी शक्य आहे. ज्यांच्या घरी ती असेल, त्यांनी ती मोडीत घालण्याआधी एकदा तिचा भाता भरून पाहावा, एवढीच विनंती आहे.