शस्त्रक्रियेपूर्वीचे भाकीत : हृदयशल्यकर्मातील जोखीम-मापनाचा इतिहास

हृदयावरील शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला आज जोखमीचा एक आकडा सांगितला जातो. हा आकडा त्याच्याचसाठी शोधून काढला गेला असावा, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहास मात्र काहीसे निराळे सांगतो.

६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फिया येथे जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने उघड्या हृदयावरील पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. परंतु पुढील रुग्ण दगावल्यानंतर त्यांनी तो मार्गच सोडून दिला. त्या काळी जोखमीचा अंदाज ही केवळ अनुभवाची बाब होती. तत्पूर्वी १९४१ मध्ये अमेरिकेतील भूलतज्ज्ञांनी रुग्णांचे शारीरिक स्थितीनुसार वर्गीकरण केले होते. तथापि शस्त्रक्रियेची जोखीम ठरविण्याचे त्यांनी हेतुपुरस्सर टाळले. कारण ती रुग्णाच्या प्रकृतीइतकीच शस्त्रक्रियेच्या स्वरूपावर व शल्यविशारदाच्या कौशल्यावरही अवलंबून असते, हे ते जाणून होते.

या विषयाला खरे वळण मिळाले ते १९८६ मध्ये. त्या वर्षी अमेरिकेच्या संघशासनाने रुग्णालयनिहाय मृत्युप्रमाण प्रसिद्ध केले. अधिक अत्यवस्थ रुग्ण स्वीकारणारे रुग्णालय अशा कोष्टकात अकारण दोषी ठरते, असा शल्यविशारदांचा आक्षेप होता व तो रास्तच होता. या आक्षेपातूनच नव्या मापनपद्धती उदयास आल्या. १९८९ मध्ये व्हिक्टर पार्सोनेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३,५०० शस्त्रक्रियांच्या आधारे वय, मधुमेह, पूर्वीची हृदयशस्त्रक्रिया इत्यादी घटकांना गुण देऊन त्यांची बेरीज करण्याची पद्धती मांडली.

त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्याने बायपास शस्त्रक्रियांची पद्धतशीर नोंद आरंभिली, आणि १९९१ मध्ये एका वृत्तपत्राने जिंकलेल्या दाव्यामुळे शल्यविशारदांचे वैयक्तिक आकडेही प्रकाशात आले. रुग्णांच्या जोखमीचा हिशेब धरून काढलेले तेथील मृत्युप्रमाण १९८९ मधील ४.१७ टक्क्यांवरून १९९२ मध्ये २.४५ टक्क्यांवर उतरले. परंतु १९९६ मध्ये क्लीव्हलंड येथील अभ्यासकांनी असे दाखविले की, न्यूयॉर्कहून त्यांच्याकडे येणाऱ्या रुग्णांत अधिक जोखमीच्या रुग्णांचे प्रमाण वाढले आहे. अन्य अभ्यासकांनी हा निष्कर्ष मान्य केला नाही. पण प्रश्न गंभीरच होता. न्याय्य तुलनेसाठी योजिलेले माप रुग्णाला शस्त्रक्रिया नाकारण्यास कारण ठरू शकते काय, असा तो प्रश्न होय.

युरोपात १९९५ साली आठ देशांतील सुमारे १९,००० रुग्णांच्या माहितीवरून ‘युरोस्कोर’ सिद्ध झाला व १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे २०१० साली ४३ देशांतील २२,००० हून अधिक रुग्णांची माहिती गोळा केली असता प्रत्यक्ष मृत्युप्रमाण ३.९ टक्के आढळले. जुन्या सूत्राच्या २००३ मधील सुधारित रूपाचे भाकीत मात्र ७.५ टक्क्यांच्या वर जात होते. शल्यकर्म सुधारले होते, सूत्र मागे राहिले होते. म्हणून २०१२ मध्ये त्याची नवी आवृत्ती काढावी लागली.

या इतिहासावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. जोखमीचा आकडा विशिष्ट काळातील व विशिष्ट रुग्णसमूहाचा असतो; काळ वा समूह बदलल्यास तो पुन्हा पारखून घेणे अगत्याचे ठरते. शिवाय त्या आकड्याचा उगम रुग्णालयांच्या तुलनेत आहे. समोरील रुग्णाविषयी निर्णय घेताना त्याचे साहाय्य अवश्य घ्यावे. परंतु १९४१ च्या भूलतज्ज्ञांनी दाखविलेला संयम तेथेही सोडू नये.