न दुखणारी दाढ

आजचा भाग एका व्हॉट्सॲप फोटोमुळे झाला.

माझी धाकटी बहीण भिगवणला असते, इंदापूर तालुक्यात. तिच्या मुलीच्या दातांना दोन वर्षं तारा होत्या, त्यासाठी बारामतीच्या फेऱ्या चालायच्या. तारा निघाल्या त्या दिवशी ओपीजी काढला, म्हणजे अख्ख्या जबड्याचा एक्स-रे. डॉक्टर म्हणाले, चारही अक्कलदाढा आत आहेत, खालच्या दोन तिरक्या. आत्ता त्रास नाही, पण काढून टाका, नाहीतर पुढचे दात परत वाकडे होतील. बहिणीचा मेसेज आला, "दादा, बारावीच्या आधी उरकून टाकू का?" आणि भाचीचा वेगळा, गुपचूप: "मामा, दुखत नाही तर काढायची कशाला?"

मी दातांचा डॉक्टर नाही, इतिहास वाचणारा माणूस. पण या प्रश्नालाच एक इतिहास आहे.

भिगवणच्या मागे उजनीचं पाणी पसरलंय ना, त्यात घोड नदीचंही पाणी येतं. त्याच घोडकाठी, शिरूर तालुक्यात, इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ अशी पंधरा वर्षं डेक्कन कॉलेजने तिथे उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव सापडलं, घरांच्या जमिनीखाली पुरलेली माणसं सापडली, आणि त्यांच्या दातांचाही अभ्यास झाला. ही मंडळी पाट्यावर भरडलेले जव खायची. लहानपणापासून चावून चावून जबडा जास्त वाढतो आणि शेवटच्या दाढेला जागा मिळते, असं बरेच अभ्यासक मानतात. आपण पोळी, बिस्किट, मॅगीवाले. दाढ तीच, जागा कमी. (आमचे आजोबा सत्तरीतही ऊस दातांनी सोलायचे. आम्ही रसवंतीवर जातो.)

पण जागा कमी असणं वेगळं आणि ते आजार मानणं वेगळं. पूर्वी दाढ दुखली की कळायची. हिरडीच्या आत निवांत पडलेली दाढ कोणाला दिसतच नव्हती. फिनलंडच्या इर्यो पाटेरो यांनी १९४० च्या दशकाच्या शेवटी अख्खा जबडा एका फिल्मवर घ्यायची पद्धत विकसित केली, १९६० च्या दशकात तिची यंत्रं बाजारात आली, आणि लपलेली दाढ दिसायला लागली. दिसलं की माणसाला वाटतं, काहीतरी करायला हवं.

याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण दातांचं नाहीच, टॉन्सिलचं आहे. १९३४, न्यूयॉर्क. अकरा वर्षांची एक हजार मुलं तपासली. ६११ जणांचे टॉन्सिल आधीच काढलेले. उरलेल्या ३८९ मुलांना डॉक्टरांनी तपासलं आणि १७४ जणांना सांगितलं, काढा. मग बाकीची २१५, म्हणजे 'ठीक' ठरलेली मुलं, दुसऱ्या डॉक्टरांपुढे पाठवली. त्यांनी ९९ जणांना काढायला सांगितलं! पुन्हा उरलेली ११६ तिसऱ्यांकडे, तर आणखी ५१. शेवटी ६५ मुलं अशी राहिली, ज्यांना कोणी काढा म्हटलं नव्हतं. दर वेळी जवळपास निम्मी. म्हणजे बघा, डॉक्टर मुलाच्या घशापेक्षा स्वतःच्या सवयीवरून ठरवत होते.

अक्कलदाढेची सवय मोडायचा प्रयत्न ब्रिटनने केला. दातांची गर्दी होईल हे कारण तपासायला तिथे एक चाचणी झाली. काहींच्या दाढा काढल्या, काहींच्या ठेवल्या, आणि काही वर्षांनी पुढचे दात मोजले. १९९८ साली निष्कर्ष आला की फक्त गर्दी टाळायला अक्कलदाढ काढणं समर्थनीय नाही. मग मार्च २००० मध्ये 'नाईस' या सरकारी संस्थेने सांगितलं, निरोगी अडकलेली दाढ उगाच काढायची नाही. कारण काढण्यालाही किंमत आहे: खालच्या दाढेजवळून नस जाते, तिला धक्का लागला तर ओठ बधिर होतो, क्वचित कायमचा.

इथे थांबलो असतो तर भाचीला लगेच सांगितलं असतं, नको काढू. पण पुढची गोष्टही आहे. २०१२ च्या एका ब्रिटिश अभ्यासात दिसलं की दाढा काढणाऱ्यांचं सरासरी वय २५ वरून ३२ वर गेलं, आणि किडीमुळे काढाव्या लागणाऱ्या दाढा वाढल्या. तिरकी दाढ अर्धवट वर आली की मधल्या फटीत अन्न अडकतं आणि पुढची चांगली दाढ किडते. वय वाढलं की हाड घट्ट होतं, काढणं अवघड जातं. म्हणजे बारामतीचे डॉक्टर अगदीच चुकीचे नव्हते. त्यांनी सांगितलेलं कारण मात्र कच्चं होतं.

मी बहिणीला एवढंच लिहिलं: दुसऱ्या डॉक्टरांना दाखव, आणि चारही दाढांबद्दल एकदम विचारू नकोस. एकेकीचं विचार. वर आली आहे का, पुढच्या दाढेला टेकली आहे का, नस किती जवळ आहे.

गेल्या आठवड्यात त्या पुण्याला जाऊन आल्या. खालची डावी दाढ हिरडीतून कोपरा काढून बसली आहे, तिच्यामागे अन्न अडकतं. ती परीक्षेनंतर काढायची, असं भाचीनेच ठरवलं. उजवी पूर्ण हाडात आहे, वरच्या दोन सरळ आहेत, त्या तिघी राहणार. दर वर्षी दाखवायचं.

बहीण अजून थोडी नाराज आहे. तिला एकदाच सुट्टी टाकून सगळं संपवायचं होतं.