दुसऱ्या झडपेचा हिशेब

सुईने नशा करणाऱ्या तरुणाच्या हृदयाची झडप जंतुसंसर्गाने नासली, तर ती बदलावी याबद्दल फारसा वाद होत नाही. वाद होतो तो दुसऱ्या वेळी. बदललेली झडपही पुन्हा सुईमुळे नासली, तर छाती परत उघडायची का? काही सर्जन हो म्हणतात, काही ठामपणे नकार देतात. त्या नकाराची वंशावळ नशेच्या बऱ्याच आधी सुरू होते.

1925 साली लंडनमध्ये हेन्री सूटर यांनी एका मुलीच्या हृदयात बोट घालून आकसलेली झडप मोकळी केली. मुलगी वाचली. तरी फिजिशियन मंडळींनी सूटरकडे असा दुसरा रुग्ण पाठवला नाही. दोष झडपेत नसून हृदयाच्या स्नायूत असतो, हे तेव्हाचं मान्य मत होतं. बंद झालेलं दार 1948 मध्ये उघडलं, ते अमेरिकेत, चार्ल्स बेली आणि ड्वाइट हार्केन यांच्या हातून. म्हणजे कुणावर शस्त्रक्रिया करायची, हे सुरुवातीपासून सर्जनच्या कौशल्याइतकंच त्या काळच्या समजुतीवरही ठरत आलं.

1960 मध्ये सर्जन अल्बर्ट स्टार आणि अभियंता लॉवेल एडवर्ड्स यांनी पिंजऱ्यातल्या चेंडूची कृत्रिम झडप रुग्णात यशस्वीपणे बसवली, आणि दारावर नवा पहारेकरी आला: किंमत. आपल्याकडे झडपा बिघडतात त्या मुख्यतः संधिवाताच्या तापाने. हा ताप दाटीवाटीच्या घरांतल्या मुलांना गाठतो. ज्यांना झडप हवी त्यांना परदेशी झडप परवडत नव्हती. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या चमूने देशी झडप बनवायला घेतली. तीन नमुने फसले, चौथा टिकला, आणि 6 डिसेंबर 1990 रोजी तो पहिल्या रुग्णात बसला.

शस्त्रक्रियेचा खर्च मात्र उरलाच होता. महाराष्ट्राची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत नागपूर नव्हतं. नोव्हेंबर 2013 मध्ये ती राज्यभर पोचली. आज तीच महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे आणि झडप बदलण्याची शस्त्रक्रिया तिच्यात बसते. त्याआधीच्या टंचाईच्या काळात ‘ही झडप कुणाला द्यायची’ हा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता. अशा रांगेत नशेकरी शेवटी उभा राहणार, हे सांगायला नको.

नकाराच्या वंशावळीची दुसरी शाखा संसर्गाची. जंतूंनी पोखरलेल्या हृदयात परकी वस्तू बसवायची नाही, असा दंडक होता. 1965 मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या डॉक्टरांनी संसर्ग धगधगत असतानाच झडप बदलल्याचं नोंदवलं आणि तो मोडला. मग डेट्रॉइटमध्ये अगस्तिन आर्बुलू यांच्यापुढे हेरॉइन घेणारे रुग्ण आले. शिरेतून शिरलेले जंतू आधी हृदयाच्या उजव्या बाजूला पोचतात, त्यामुळे तिथली त्रिदल झडप बळी पडते. आर्बुलू यांनी 1970 च्या सुमारास ती झडप काढून टाकली आणि जागा रिकामीच ठेवली. रुग्ण पुन्हा सुईकडे वळला तरी जंतूंना चिकटायला कृत्रिम वस्तू नको, हा त्यामागचा विचार. काहीजण त्यावर वर्षानुवर्षं जगले, काहींचं हृदय उजव्या बाजूने थकत गेलं. रुग्ण सुधारणार नाही, हे इथे शस्त्रक्रियेच्या आराखड्यातच धरलेलं होतं.

आजही झडप निवडताना रुग्ण सुधारेल का याचा अंदाज बांधावा लागतो. धातूची झडप टिकाऊ, पण रक्त पातळ ठेवण्याची गोळी जन्मभर घ्यायची आणि रक्त किती पातळ आहे हे पाहणारी आयएनआर चाचणी करत राहायची. प्राण्यांच्या ऊतींची झडप या कटकटीतून सोडवते, पण तरुण शरीरात लवकर झिजते. दुसऱ्यांदा छाती उघडणं पहिल्यापेक्षा अवघड असतं, कारण आतले भाग एकमेकांना चिकटलेले असतात. सर्जनचा हात आखडतो तो काही निव्वळ तुच्छतेने नव्हे.

तरीही तराजू सगळीकडे सारखा नसतो. बायपासनंतर पुन्हा तंबाखूचा खर्रा धरणारा रुग्ण नागपुरात नवलाचा नाही. त्याला डॉक्टर रागावतात, पण रक्तवाहिनी पुन्हा तुंबली तर स्टेंट नाकारत नाहीत. सुईवाल्याच्या बाबतीत मात्र ‘स्वतःच ओढवून घेतलं’ हे वाक्य वैद्यकीय कारणांच्या यादीत बेमालूम शिरतं.

या सगळ्या हिशेबातून एक उपचार बराच काळ गळलेला होता, तो व्यसनाचा. पुण्यात 1986 मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं, तेव्हापासून गर्दचं (हेरॉइनचं) व्यसन हा आजार आहे हे मराठी समाजाने ऐकलेलं आहे. या व्यसनावरची, जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या (‘नॅको’च्या) केंद्रांत दिली जाते. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्था मानसिक आजारात धरल्या. आणि 2022 मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने सांगितलं की अशा रुग्णाचा निर्णय घेणाऱ्या चमूत व्यसनोपचाराचा जाणकार हवा.

नागपुरात हे जुळवायला नवी इमारत लागत नाही. ‘मेडिकल’मध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, मानसोपचार विभाग आहे, आणि हृदयशस्त्रक्रिया होतात ते ‘सुपर’ (सुपर स्पेशालिटी रुग्णालय) त्याच महाविद्यालयाशी जोडलेलं आहे. पहिल्या झडपेच्या वेळीच मानसोपचारतज्ज्ञाला बोलावलं, तर दुसरीची वेळ टळू शकते. नाहीच टळली, तर रुग्णाला जाब विचारण्याआधी त्याचा जुना केसपेपर उघडावा: पहिल्या खेपेला व्यसनावर उपचार झाला होता का? झाला नसेल, तर अर्ध्यावर सोडलेल्या उपचाराचं बिल रुग्णाच्या नावावर फाडता येणार नाही.