पुष्पिकेतील दोन आद्याक्षरे : मेडिकल ट्रान्सक्रिप्शनच्या परदेशगमनाविषयी

हस्तलिखितांच्या अभ्यासकाला पोथीचे शेवटचे पान पहिल्या पानाइतकेच मोलाचे वाटते. तेथे पुष्पिका असते. लेखनिकाचे नाव, शक, गाव आणि झालेल्या चुकांबद्दल वाचकाजवळ मागितलेली क्षमा तीत आढळते. अमेरिकेतील रुग्णालयांच्या टंकलिखित अहवालांनाही विसाव्या शतकात अशीच एक लहानशी पुष्पिका होती. तळाशी डॉक्टरची आद्याक्षरे, तिरकी रेघ व टंकलेखिकेची आद्याक्षरे. शेजारी दोन तारखा, एक मजकूर सांगितल्याची व दुसरी तो उतरवल्याची. १९९०च्या दशकात या दोन तारखांच्या दरम्यान डॉक्टरचा आवाज समुद्र ओलांडून भारतात येऊ लागला व मजकूर होऊन परत जाऊ लागला. पुष्पिकेत मात्र गावाचे नाव आले नाही. मेडिकल ट्रान्सक्रिप्शनच्या परदेशगमनाचा इतिहास प्रस्तुत निबंधात या अनुल्लेखाच्या अंगाने पाहावयाचा आहे.

डॉक्टरने रुग्णाचा वृत्तांत तोंडी सांगावा आणि दुसऱ्याने तो लिहून काढावा, ही अमेरिकेतील रीत जुनी आहे. आधी लघुलेखन, पुढे ध्वनिमुद्रण, अशी तिची वाटचाल झाली. या कामात बहुसंख्य स्त्रिया होत्या. १९७८ मध्ये त्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि आपले काम हे निव्वळ टंकलेखन नसून वैद्यकीय भाषेचे विशेष ज्ञान मागणारे काम आहे, अशी भूमिका तिने घेतली. मोबदल्याचे सर्वाधिक रूढ माप मात्र ओळीचे राहिले. एक ओळ म्हणजे रिकाम्या जागा धरून ६५ अक्षरे. कामाचे असे मोजता येणारे तुकडे पडले की ते दूर पाठवणे सोपे जाते. आवाजाची संगणकीय धारिका, १९९१ मध्ये स्थापन झालेल्या सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया या संस्थेने पुरवलेली उपग्रह-जोडणी, इंग्रजी शिकलेले पदवीधर, कमी वेतन आणि अमेरिकेच्या रात्री उजाडणारा भारताचा दिवस, ही या स्थलांतराची प्रमुख कारणे होत. बंगळूरला हेल्थस्क्राइब, मुंबईत सीबे सिस्टिम्स, तसेच चेन्नई व हैदराबाद येथील अनेक लहान संस्थांमधून हा व्यवसाय वाढला.

या कामाचे स्वरूप पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला परके वाटू नये. इंग्रजीत ‘इलियम’ हा उच्चार दोन शब्दांचा आहे. एक लहान आतड्याचा अंत्य भाग, दुसरे कमरेचे हाड. लिहिताना एका अक्षराचा फरक पडतो. ‘डिस्फेजिया’ म्हणजे गिळण्यातील अडचण, ‘डिस्फेझिया’ म्हणजे वाणीतील दोष. योग्य शब्द कानाने ठरत नाही, तो संदर्भाने ठरतो. शिवाय अमेरिकेतील सुमारे एक चतुर्थांश डॉक्टर परदेशात शिकलेले आहेत. साहजिकच एखाद्या तेलुगू वा गुजराती डॉक्टरने ओहायोत उच्चारलेले इंग्रजी मुंबईतील श्रोत्याने अमेरिकन स्पेलिंगमध्ये उतरवावे, असाही प्रसंग येई. महाभारताच्या लेखनकथेत अर्थ कळल्याखेरीज अक्षर न उमटवण्याची अट गणपतीला घातलेली आहे. ट्रान्सक्रिप्शनचा नियम त्याच जातीचा होता. ऐकू आले नाही वा उमगले नाही, तर अंदाज न बांधता जागा रिकामी सोडावी आणि तसे डॉक्टरला कळवावे. या नियमात एक गृहीत होते. ती रिकामी जागा भरण्यासाठी सांगणारा पाठाकडे परत येईल, असे ते गृहीत.

हे गृहीत कसे ढासळले, हे दोन घटनांवरून दिसते. पहिली ऑक्टोबर २००३ मधील. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला कराचीहून एका स्त्रीचा ई-मेल आला. थकलेले पैसे न मिळाल्यास रुग्णांच्या नोंदी इंटरनेटवर टाकू, अशी धमकी तीत होती आणि पुरावा म्हणून काही नोंदी जोडल्या होत्या. केंद्राचे काम कॅलिफोर्नियातील एका संस्थेकडे, तेथून फ्लॉरिडा, तेथून टेक्सास आणि शेवटी कराची, असे हस्तांतरित होत गेले होते. काम परदेशी जाते हे केंद्राला ठाऊक नव्हते. काही पैसे मिळाल्यावर धमकी मागे घेण्यात आली. रुग्णांच्या गोपनीयतेचे संघीय नियम त्याच वर्षी एप्रिलमध्ये लागू झाले होते. उपकंत्राटदार त्यांच्या थेट कक्षेत आले ते २०१३ मध्ये.

दुसरी घटना २००८ मधील, अलाबामा राज्यातील. भारतात उतरवलेल्या एका डिस्चार्ज समरीत इन्सुलिनच्या ८ युनिटऐवजी ८० युनिट असे लिहिले गेले. डॉक्टरने तपासून सही करण्यापूर्वीच त्या मजकुरावरून पुढील आदेश तयार झाले. ती मात्रा दिल्यानंतर रुग्ण स्त्रीचा मृत्यू झाला. डिसेंबर २०१२ मध्ये ज्यूरीने १४ कोटी डॉलर भरपाईचा निवाडा दिला.

‘एट’ आणि ‘एटी’ यांतील गोंधळ ही लेखनिकाची चूक होय, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि असे पाठभेद प्रत्येक लेखनपरंपरेत घडतात. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तो तीत अपपाठ शिरले होते म्हणूनच. परंपरा टिकते ती कोणीतरी जाणता पाठाकडे परत येतो म्हणून. अलाबामात ते परत येणे घडण्याआधीच पाठ प्रमाण मानला गेला. कराचीच्या प्रकरणात तर लेखनिकेचे अस्तित्व तिच्या गुन्ह्यामुळेच कळले. दोन्ही ठिकाणी चर्चा परकेपणाची झाली; दोष मात्र सांगणारा आणि लिहिणारा यांच्यामधील तुटलेल्या दुव्यांचा होता.

पुढील इतिहास वेगाने घडला. २००९च्या कायद्याने अमेरिकेत संगणकीय नोंदींना आर्थिक उत्तेजन मिळाले. वाणी-अभिज्ञान सुधारले आणि लेखनिक यंत्राने उतरवलेला मजकूर दुरुस्त करणारा संपादक बनला. ओळीमागचा मोबदला बहुधा त्यामुळे घटला. हेल्थस्क्राइब २००४ मध्ये स्फेरिसने घेतली. २०१० मध्ये स्फेरिस दिवाळखोरीतून मेडक्विस्ट व सीबे यांच्याकडे गेली. या वंशावळीतील ॲक्विटी ही संस्था २०२३ मध्ये नवी मुंबईच्या आयकेएस हेल्थने विकत घेतली. आता तपासणीच्या खोलीतील संभाषण यंत्र स्वतःच ऐकते व टिपण तयार करते.

या यंत्राला रिकामी जागा सोडण्याची सवय नाही. जे नीट ऐकू आले नाही, तेथेही ते सफाईदार वाक्य रचू शकते. म्हणूनच लेखनिकांचा हा तीस वर्षांचा इतिहास आज उपयोगी पडावा. पाठ कोणी उतरवला, कोठे उतरवला, शंका कोणाला विचारली आणि सही करण्यापूर्वी तो कोणी वाचला, इतके तरी शेवटच्या पानावर नोंदले जावे. पोथी लिहिणाऱ्याने जे स्वेच्छेने केले, ते रुग्णाच्या जिवाशी गाठ असलेल्या कागदाकडून मागणे अवाजवी ठरू नये.