डॅजिडी

कवचधारी प्राण्यांच्या आयसोपोडा गणातील परजीवी कुल. १८८७ मध्ये झ्यार व बॉनिए यांनी ते स्थापले. त्याआधीच, १८८५ मध्ये, सार्स यांनी ‘चॅलेंजर’ सागरी मोहिमेतील क्रिल या कोळंबीसारख्या कवचधाऱ्यांवरून याच कुलातील हेटरोफ्रिक्सस ही प्रजाती वर्णिली होती.

या कुलातील काहींची मादी क्रिलच्या पाठीवर घट्ट चिकटून रक्तरस शोषते. ब्रँकिओफ्रिक्सस ही प्रजाती मात्र कल्ल्यांवर राहते. मादीचे शरीर म्हणजे जवळजवळ अंड्यांची पिशवीच. पाय पाच जोड्या, तेही तोंडाभोवती दाटीने, केवळ पकडीपुरते. चिमुकला नर तिच्याच अंगावर राहतो. अंड्यातून निघालेली अळी आधी कोपेपॉड या सूक्ष्म कवचधाऱ्याला चिकटते, तेथे रूप पालटते आणि मगच क्रिलसारखा अंतिम यजमान गाठते. एका परजीवीला असे दोन यजमान लागतात.

कोकणचा जवळा क्रिलसारखा दिसतो. पण तो दशपाद गणातला, कोळंबीचा नातलग. कोळंबीवर डॅजिडीचे भाऊबंद बोपिरिडी आढळतात. सोलताना कवचाच्या एकाच बाजूला, कल्ल्यांपाशी फुगवटा दिसला, तर आत बहुधा हाच पाहुणा असतो. त्याच्यामुळे कोळंबीची प्रजननक्षमता अनेकदा खुंटते. माणसाला तो बाधत नाही.