यादविगा स्तानिशकिस आणि स्वतःला आवर घालणारी क्रांती

पोलिश समाजशास्त्रज्ञ यादविगा स्तानिशकिस यांचा जन्म २६ एप्रिल १९४२ रोजी जर्मनव्याप्त वॉर्सामध्ये झाला. त्यांचे आजोबा वितोल्द स्तानिशकिस हे राष्ट्रवादी पक्षाचे राजकारणी होते. ते आदल्याच वर्षी ऑशविट्झच्या छळछावणीत मरण पावले होते. वॉर्सा विद्यापीठात समाजशास्त्र शिकून स्तानिशकिस तिथेच अध्यापन करू लागल्या. मार्च १९६८ मध्ये विद्यार्थी सेन्सॉरशिपविरुद्ध रस्त्यावर उतरले. त्या आंदोलनातील सहभागामुळे त्यांना काही महिने तुरुंगवास घडला आणि नोकरीही गेली.

ऑगस्ट १९८० मध्ये ग्दान्स्कच्या लेनिन गोदीत संप सुरू झाला. संपकऱ्यांच्या २१ मागण्यांतली पहिली मागणी स्वतंत्र कामगार संघटनेची होती. सरकारशी बोलणी करताना सल्ला द्यायला वॉर्साहून सात तज्ज्ञ आले. ताद्योश माझोव्येत्स्की त्यांचे प्रमुख होते, ब्रोनिस्वाव्ह गेरेमेक त्यांत होते आणि स्तानिशकिसही होत्या. करारात एक कलम घालण्याचे ठरले : नवी संघटना राज्यकारभारातील कम्युनिस्ट पक्षाचे अग्रस्थान मान्य करते. बहुतेक तज्ज्ञांना ही अपरिहार्य तडजोड वाटली, कारण सोव्हिएत फौजांची भीती खरीच होती. स्तानिशकिस यांना ती पटली नाही आणि त्या गटातून बाहेर पडल्या. ३१ ऑगस्टला करारावर सह्या झाल्या.

गोदीतल्या त्या दिवसांनी त्यांच्या संशोधनाला विषय दिला. वाटाघाटींच्या टेबलाशी त्यांना दोन भाषा ऐकू आल्या. कामगार न्याय-अन्याय, मान-अपमान या शब्दांत बोलत. तज्ज्ञ आणि सरकारी प्रतिनिधी मात्र कायद्याच्या आणि धोरणाच्या, एकमेकांना सहज कळणाऱ्या परिभाषेत. कामगारांचा संताप या दुसऱ्या भाषेत उतरवला जाताना त्याची धार बोथट होते, असे स्तानिशकिस यांचे निरीक्षण होते. ज्यांच्या बाजूने त्या उभ्या होत्या त्यांच्याच सल्लागारांविषयी हे लिहायला धैर्य लागते. १९८४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाने ‘स्वतःला आवर घालणारी क्रांती’ ही संज्ञा जगभर पोचवली. ग्दान्स्कच्या करारातून उभी राहिलेली, सुमारे एक कोटी सभासदांची सॉलिडॅरिटी ही कामगार संघटना सत्ता घेऊ शकत नव्हती आणि सत्ताधाऱ्यांना ती पचतही नव्हती. १३ डिसेंबर १९८१ रोजी देशात लष्करी कायदा लागू झाला.

ही कोंडी का झाली, याचे उत्तर स्तानिशकिस यांनी मालमत्तेच्या स्वरूपात शोधले. कारखाने सर्वांचे, म्हणजे प्रत्यक्षात कोणाचेच नाहीत. मालक नाही, त्यामुळे आर्थिक हितसंबंधांवर उभे राहणारे गटही घडत नाहीत. समाज विरोध करतो तो नैतिकतेच्या आणि प्रतीकांच्या भाषेत. त्यांच्या मांडणीतला हा भाग सर्वांत सखोल आणि वाचायला सर्वांत कठीण आहे.

त्यांचे दुसरे मोठे योगदान म्हणजे ‘राजकीय भांडवलशाही’ची मीमांसा. हा शब्द मॅक्स वेबरचा, पण त्यांनी तो १९८०च्या दशकाअखेरच्या पोलंडला लावला. १९८८ च्या डिसेंबरमध्ये खासगी उद्योगांना मोकळीक देणारा कायदा झाला. त्या सुमारास पक्षाच्या मर्जीतले अधिकारी आणि कारखान्यांचे व्यवस्थापक स्वतःच्या कंपन्या काढू लागले. सरकारी कारखान्याची जागा आणि यंत्रे अशा कंपनीकडे स्वस्तात वळत. नफा कंपनीत जाई, तोटा सरकारी खात्यावर राही. अधिकारपद असे मालमत्तेत बदलता येऊ लागल्यावर जुनी व्यवस्था टिकवण्याची निकड सत्ताधाऱ्यांच्या एका भागाला उरली नाही. म्हणूनच सरकार आणि विरोधक यांच्यातील १९८९ च्या गोलमेज परिषदेकडे केवळ जनतेचा विजय म्हणून पाहणे स्तानिशकिस यांना अपुरे वाटे. विजयाच्या उत्साहात हे ऐकणे अनेकांना जड गेले, पण पुढच्या काळातील आर्थिक वादांत त्यांची संज्ञा पुन:पुन्हा वापरली गेली.

२००१ मध्ये त्यांचे ‘पोस्टकम्युनिझम’ हे पुस्तक आले. नंतर त्यांनी जागतिकीकरणातील सत्तेच्या नव्या रूपांवर लेखन केले. दूरचित्रवाणीवरील भाष्यकार म्हणून त्या घरोघरी परिचित झाल्या. यारोस्वाव्ह काचिन्स्की यांच्या पक्षाला त्यांनी आधी पाठिंबा दिला. २०१५ नंतर तो पक्ष सत्तेत असताना त्याच्या कारभारावर त्यांनी उघड टीका केली. १५ एप्रिल २०२४ रोजी त्यांचे निधन झाले.