शेतीचे आकडे : बांधावरची मोजणी, दिल्लीतले अंदाज

फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने त्या हंगामातील गव्हाचे उत्पादन सुमारे १,११३ लाख टन होईल, असा आगाऊ अंदाज जाहीर केला. पीक विक्रमी येणार, निर्यातीला भरपूर वाव आहे, असे वातावरण त्यातून तयार झाले. मार्चमध्ये ऐन दाणा भरण्याच्या वेळी उत्तर भारतात उष्णतेची लाट आली. १३ मे रोजी सरकारने गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली आणि त्यानंतर आठवडाभरात मंत्रालयाचा अंदाज १,०६४ लाख टनांवर उतरला. व्यापाऱ्यांचे अंदाज त्याहूनही खाली होते. खुल्या बाजारातील भाव हमीभावापेक्षा अधिक असल्याने सरकारी खरेदीही आदल्या वर्षीच्या ४३३ लाख टनांवरून १८८ लाख टनांवर आली.

पीक निसर्गाने घटले, यात कोणाचा दोष नाही. मात्र ते घटत असल्याचे सरकारी आकड्यांना केव्हा कळते, हा प्रश्न नियोजनाचा आहे. महाराष्ट्राने याचा उलटा अनुभव तुरीच्या बाबतीत घेतला. २०१५ मध्ये तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या आसपास गेली. त्या भावाकडे पाहून शेतकऱ्यांनी तूर पेरली आणि देशातील उत्पादन २०१५-१६ मधील सुमारे २६ लाख टनांवरून पुढच्या वर्षी ४९ लाख टनांच्या घरात गेले. ५,०५० रुपये हमीभाव असलेली तूर त्याखाली विकावी लागली, खरेदी केंद्रांबाहेर रांगा लागल्या. निर्यातीवरील निर्बंध उठले ते सप्टेंबर २०१७ मध्ये. पेरणी किती क्षेत्रावर झाली हे वेळेवर आणि विश्वासार्हपणे कळले असते, तर आयात-निर्यातीचे निर्णय काही महिने अलीकडे घेता आले असते.

शेतीचे उत्पादन म्हणजे दोन संख्यांचा गुणाकार : पिकाखालील क्षेत्र आणि हेक्टरी उतारा. क्षेत्राची नोंद महसूल खात्याकडे असते. सात-बारा उताऱ्यातील 'बारा' म्हणजे गाव नमुना बारा, अर्थात पिकांची नोंदवही. तलाठ्याने (२०२४ पासून पदनाम 'ग्राम महसूल अधिकारी') प्रत्येक हंगामात शिवारफेरी करून ती भरावी, अशी अपेक्षा. ही नोंद वेळेवर मिळावी म्हणून १९६८-६९ पासून दरवर्षी २० टक्के गावांची पीक पाहणी अग्रक्रमाने पूर्ण करण्याची योजना सुरू झाली. पाच वर्षांत सर्व गावांची पाळी यावी, असा हिशेब होता. केरळ, ओडिशा व पश्चिम बंगालमध्ये अशा नोंदीची परंपराच नव्हती. तेथे स्वतंत्र नमुना पाहणी यंत्रणा उभारावी लागली.

उतारा काढण्याची रीत अधिक रंजक आहे. ब्रिटिश काळात 'सामान्य पीक' सोळा आणे धरून यंदाचे पीक किती आणे, हे नजरेने ठरविले जाई. आणेवारी आणि नंतरची पैसेवारी ही त्याचीच अपत्ये. नजरेच्या जागी वजनकाटा आणण्याचे श्रेय ज्यांना जाते, त्यांत सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे अग्रभागी आहेत. त्यांनी व विनायक गोविंद पानसे यांनी पीक कापणी प्रयोगांची पद्धत देशभर रुजविली. गावातील काही शेते चिठ्ठी टाकावी तशी यादृच्छिक पद्धतीने निवडायची, शेताच्या एका ठरावीक कोपऱ्यापासून यादृच्छिक अंतर मोजून ठरलेल्या मापाचा तुकडा आखायचा, त्यातील पीक कापायचे, मळायचे, वाळवायचे आणि तोलायचे.

तुकडा केवढा असावा, यावरून सुखात्मे आणि प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्यात मोठा वाद झाला होता. बंगालमध्ये महालनोबिस लहान तुकड्यांवर काम करीत. तुकडा फार लहान घेतला तर सीमेवरची रोपे आत ओढली जातात आणि उतारा फुगतो, हे सुखात्म्यांचे म्हणणे होते. वाद वरकरणी फूट-मीटरचा. पण कापणारा माणूस कोण, त्याचे प्रशिक्षण किती आणि त्याची चूक कोणत्या दिशेने झुकते, हा त्यातील खरा प्रश्न होता. आजही तो तसाच उभा आहे. पुढे १९५१ पासून सुमारे दोन दशके सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. शेतीच्या आकडेवारीचा भारतीय वारसा केवढा, हे त्यावरून ध्यानात यावे.

मग घडी विस्कटली कोठे? डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाने २००१ च्या अहवालात त्याचे उत्तर दिले आहे. तलाठ्यावर कामांचा डोंगर वाढत गेला आणि पीक पाहणी त्याच्या यादीत तळाशी गेली. अनेक गावांत ती वेळेवर होत नाही, कित्येकदा जुन्याच नोंदी पुढे ओढल्या जातात. शिवाय शेती हा राज्यांचा विषय. क्षेत्र महसूल खात्याकडे, उतारा बहुतेक ठिकाणी कृषी खात्याकडे, एकत्रित अंदाज दिल्लीत. प्रा. ए. वैद्यनाथन यांच्या समितीने २०११ मध्ये यावर धाडसी उपाय सुचविला : राष्ट्रीय व राज्य पातळीवरील अंदाजांसाठी देशातील लाखो गावांचा आग्रह सोडून सुमारे १५ हजार गावांचा नमुना घ्यावा, तेथे काम काटेकोर करावे, आणि त्यासाठी स्वतंत्र 'राष्ट्रीय पीक सांख्यिकी केंद्र' स्थापावे. थोडे मोजा, पण नीट मोजा, असा तो सल्ला होता. अशा स्वरूपाचे स्वायत्त केंद्र मात्र उभे राहिले नाही. २०१२ मध्ये दिल्लीत महालनोबिसांच्या नावाने राष्ट्रीय पीक अंदाज केंद्र सुरू झाले. त्याचा भर उपग्रह प्रतिमांवर आहे.

याच सुमारास जागतिक पातळीवरही हालचाल झाली. २००७-०८ च्या अन्नधान्य भाववाढीने अनेक देशांकडे भरवशाचे आकडेच नाहीत, हे उघडे पाडले होते. फेब्रुवारी २०१० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने कृषी व ग्रामीण आकडेवारी सुधारण्याच्या जागतिक धोरणाला मान्यता दिली. प्रत्येक देशाने किमान आवश्यक माहितीचा संच ठरवावा, शेतीची आकडेवारी देशाच्या एकूण सांख्यिकी व्यवस्थेत सामावून घ्यावी आणि ती गोळा करणाऱ्या संस्था व माणसे सक्षम करावीत, हे त्याचे तीन आधारस्तंभ. त्यासाठी प्रत्येक देशाने स्वतःचा धोरणात्मक आराखडा करावा, अशी शिफारस होती. हे केवळ कागदी काम नव्हे, हे आफ्रिकेतील मलावीच्या उदाहरणावरून कळते. २००१-०२ मध्ये तेथे मक्याचे पीक कमी आले. पण कसावा, रताळी अशा कंदपिकांचे आकडे इतके फुगलेले होते की, कागदावर देशात पुरेसे अन्न दिसत होते. राखीव धान्यसाठा विकला गेला होता. त्यानंतर उपासमारीने माणसे मेली.

आकड्याला पैसा चिकटला की

भारतातील अडचण थोडी वेगळी आहे. येथे एकाच आकड्यावर अनेकांचे हितसंबंध टांगलेले असतात. पैसेवारी ५० पैशांच्या खाली की वर, यावर सवलती अवलंबून असत. त्यामुळे आकडा पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे का घुटमळतो, हे गावात कोणाला विचारावे लागत नसे. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने पाऊस, जमिनीतील ओलावा, पिकांची स्थिती असे निकष पुढे आणले. २०१८ मध्ये राज्याने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला तो याच चौकटीत.

त्याच २०१६ मध्ये आलेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेने कापणी प्रयोग हाच नुकसानभरपाईचा पाया केला. विम्याचे क्षेत्र महसूल मंडळ किंवा ग्रामपंचायतीइतके लहान झाले, म्हणजे प्रयोगांची संख्या प्रचंड वाढली. आणि प्रत्येक प्रयोगाशेजारी शेतकरी आणि विमा कंपनी, दोघेही आपापली आशा घेऊन उभे राहिले. उतारा कमी दिसावा हे एकाचे हित, जास्त दिसावा हे दुसऱ्याचे. अशा रिंगणात उभ्या केलेल्या कर्मचाऱ्याकडून राष्ट्रीय उत्पादनाचा तटस्थ अंदाजही मागणे, हे प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते आजच्या व्यवस्थेतील सर्वांत मोठे वैगुण्य आहे. वैद्यनाथन समितीचा लहान, स्वतंत्र नमुना विमा आणि पैसेवारीच्या प्रयोगांपासून वेगळा ठेवता येईल, हे त्याचे न बोलले गेलेले सामर्थ्य होय.

तंत्रज्ञानाने काही गाठी सुटल्या आहेत, हे मान्य करावे लागेल. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर लागू झाली. शेतकऱ्याने शेतात उभे राहून मोबाइलवर पिकाचे छायाचित्र, स्थानाच्या नोंदीसह, भरायचे. जुन्या नोंदी पुढे ओढण्याची वाट त्यामुळे अरुंद झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने २,८१७ कोटी रुपयांच्या डिजिटल कृषी मोहिमेला मंजुरी दिली. डिजिटल पीक पाहणी हा तिचा भाग आहे. परंतु मोबाइल नसलेला, डोंगरातील, कूळ म्हणून तोंडी करारावर कसणारा शेतकरी या छायाचित्रात कसा येणार? उपग्रहाला उसाचा फड आणि भाताचे खाचर ओळखता येते. तुरीतले आंतरपीक, परसातली भाजी ओळखताना तो अडखळतो.

शेतकरी नेमका कोण?

ग्रामीण आकडेवारीत पिकांपेक्षा माणसे मोजणे अवघड ठरले आहे. २००३ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत जमीन बाळगून शेती करणारा तो शेतकरी होता. २०१३ मध्ये जमिनीची अट गेली आणि वर्षाला तीन हजारांहून अधिक रुपयांचे शेती उत्पादन काढणारे कुटुंब, अशी व्याख्या आली. २०१९ मध्ये ती मर्यादा चार हजार झाली. या तीन पाहण्यांत शेतकरी कुटुंबाचे मासिक उत्पन्न अनुक्रमे २,११५, ६,४२६ आणि १०,२१८ रुपये दिसते, पण व्याख्या बदलल्याने त्यांची थेट तुलना सावधपणेच करावी लागते. शेवटच्या पाहणीत पिकांपासून ३,७९८ रुपये आणि मजुरी-पगारातून ४,०६३ रुपये मिळाले. म्हणजे 'शेतकरी' म्हणून मोजलेले सरासरी कुटुंब शेतीपेक्षा मजुरीवर अधिक जगते. उत्पन्न दुप्पट करण्याचे लक्ष्यवर्ष २०२२ उजाडले, तेव्हा तुलनेसाठी या मालिकेतील नवा आकडाच हाती नव्हता. नाबार्डच्या २०२१-२२ च्या पाहणीत १३,६६१ रुपये आले, पण तिची व्याख्या पुन्हा निराळी.

दर पाच वर्षांनी होणारी कृषी गणनाही अशीच. सरासरी धारण क्षेत्र १९७०-७१ मधील २.२८ हेक्टरवरून २०१५-१६ मध्ये १.०८ हेक्टरवर आले, हे ती सांगते. त्याच गणनेत महिला खातेदार १४ टक्क्यांच्या आत आहेत. निंदणी-खुरपणीला शेतात कोण असते, हे मात्र कोणत्याही रस्त्यावरून जाताना दिसते. आणखी एक अडचण थोडक्यात : ग्रामीण नमुना पाहण्यांसाठी गावांची जी यादी लागते, तिचा मुख्य आधार २०११ ची जनगणना आहे. या काळात कित्येक गावांची नगरपंचायत झाली, काही शहरांत विलीन झाली. पुढील जनगणना २०२७ मध्ये व्हायची असून तिची संदर्भ तारीख १ मार्च आहे; ती यादी हाती आल्यानंतरच नव्या नमुन्याची गावे निवडता येतील.